हिवाळ्यातलं चार्जिंग

सासूबाईंनी मोपेडच्या पहिल्या दोन बॅटऱ्या उपाशी मारल्या, असं देझो काका सगळ्यांना सांगतात. दुसऱ्या दोन मी मारल्या. ते अजून कुणी म्हटलेलं नाही.

मोपेड म्हणजे आमच्या गावात तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी, हातांची खुर्ची आणि पुढे टोपली असलेली गाडी. ज्यांचे पाय गेले, गुडघे गेले किंवा गाडी चालवणारे नवरे गेले, त्या सगळ्या बायका मोपेडवर असतात. शुक्रवारी बाजाराबाहेर अशा वीस-पंचवीस गाड्या ओळीनं उभ्या असतात. कुणाच्या टोपलीत कोबी, कुणाच्या टोपलीत कोंबडी, एखादीत म्हातारं कुत्रं. सासूबाईंचा उजवा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापला, त्याला सहा वर्षं झाली. त्या म्हणतात, पाय गेला त्या दिवशी मी रडले नाही, मोपेड आली त्या दिवशी रडले. त्या मोपेडवर बसून त्या दुकानात, औषधं आणायला, चर्चच्या गायनाला आणि दर रविवारी सासऱ्यांच्या थडग्यावर जायच्या. सासरे, बालिंत, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता.

इर्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, तीस वर्षं सहकारी संस्थेच्या बदकांच्या शेडवर होत्या. बदकाला चरबी धरायला लावायची तर आधी उपाशी ठेवायचं, मग घशाखाली मका कोंबायचा. बॅटरीलाही त्यांनी तोच न्याय लावला. गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत चालवायची, आणि मगच चार्जरला जोडायची.

"अर्ध्या पोटी खायला घातलं की सवय बिघडते," त्या म्हणायच्या. "भूक लागू दे तिला. मग बघ कशी खाते."

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका असंच करायच्या, कारण निम्म्या जणी त्याच शेडवर होत्या. दर दोन वर्षांनी बॅटऱ्या मेल्या की म्हणायच्या, चिनी माल, दुसरं काय.

मी सेगेदला रसायनशास्त्र शिकले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की सासूबाईंना बॅटरी शिकवली. ही शिशाची बॅटरी आहे, हिला भूक मानवत नाही. दुकानापर्यंत जाऊन आलात तरी घरी आल्या आल्या चार्जर लावा. हिरवा दिवा लागेपर्यंत काढू नका. थंडीत गाडी उभी असेल तेव्हाही महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज झालीच पाहिजे. रिकाम्या पोटी राहिली की आतल्या पत्र्यांवर पांढरे खडे धरतात, आणि ते खडे दगड झाले की पुन्हा सुटत नाहीत. यावर मला परीक्षेत अठरापैकी सोळा गुण मिळाले होते.

"म्हणजे मुतखडा," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"मग सरळ मुतखडा म्हण की. एवढं कॉलेज कशाला?"

पण त्यांनी ऐकलं. मी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात, जिथं मोपेड उभी असते तिथं, भिंतीवर एक तक्ता लावला. महिन्यांची नावं आणि समोर रिकामे चौकोन. हिवाळ्यातलं चार्जिंग झालं की खूण करायची. पहिल्या हिवाळ्यानंतर गल्लीतल्या तीन मोपेड बंद पडल्या आणि आमची चालली. त्या दिवसापासून सासूबाईंनी बॅटऱ्यांचं सगळं माझ्यावर सोपवलं. बाजारात सांगायच्या, "ते आमच्या रेकाकडे. मी नुसती बसते."

माझी मुलगी मिर्तिल तीन वर्षांची झाली आणि गेल्या सप्टेंबरात बालवाडीत जायला लागली. नवरा सिलार्द ऑस्ट्रियात मांसाच्या कारखान्यात, दर तिसऱ्या शनिवारी घरी. बालवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्यानं दिवसभर रोमानियाच्या हद्दीकडे जाणारे ट्रक धावतात. मी मिर्तिलला सायकलवर न घेता चालत न्यायचे, रस्ता ओलांडताना तिचा हात इतका घट्ट धरायचे की ती म्हणायची, आई, हाड दुखतंय.

ऑक्टोबरात एका दुपारी मी खिडकीशी बटाटे सोलत होते. मोपेड फाटकातून आत आली. मिर्तिल पुढच्या फळीवर, सासूबाईंच्या एका खऱ्या आणि एका लाकडी पायाच्या मध्ये उभी. डोक्यावर टोपी नव्हती. सकाळी मी स्वतः विणलेली लाल टोपी घातली होती.

ती धावत आत आली. "आई, मोठ्ठा ट्रक आला आणि माझी टोपी घेऊन गेला."

मी बटाटा पाण्यात टाकला. सासूबाई आत येईपर्यंत थांबले.

"आई, मिर्तिलला मोपेडवर आणू नका."

"का? तिला पाय आहेत म्हणून, का मला नाही म्हणून?"

"ट्रक इतका जवळून गेला की टोपी उडाली."

"वाऱ्यानं उडाली. ट्रकला टोपीचं काय करायचंय?"

"मी आणीन तिला. रोज मीच आणीन."

"आण की. मी काय भाडं घेत होते?" त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "बालवाडीची बाई म्हणाली, आजी, आज लवकर सोडलंय. तुला तीनदा फोन केला तिनं. तू उचलला नाहीस. म्हणून गेले."

फोन खरंच वरच्या खोलीत होता. मी नोकरीच्या मुलाखतीसाठी जुनी पुस्तकं वाचत होते. 

सिलार्दला सांगितलं तर तो हसला. "आईनं मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून वाढवलं. मी मेलो का?"

"इथं तरी नाहीस," मी म्हटलं. त्यानंतर तो हसला नाही, पण आईशी बोललाही नाही.

मला झोपेत ती टोपी दिसायची. ट्रकच्या चाकांत फिरत फिरत जाणारी. गल्लीत, बाजारात, चर्चमध्ये, सगळ्यांची नातवंडं मोपेडच्या फळीवर उभी असायची. मी ज्या कुणाला सांगितलं ती म्हणायची, इर्मासारखी हळू चालवणारी दुसरी नाही. जे बोलून होत नव्हतं ते मी न बोलता केलं.

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, सासूबाई शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन दफनभूमीत गेल्या. दिवसभर फिरून, बॅटरी जवळजवळ रिकामी करून परत आल्या. आमच्याकडे त्या दिवसानंतर मोपेड झाकून ठेवतात, ती मार्चमध्ये संत योजेफच्या दिवशी बाहेर काढतात. थंडीत त्यांना दफनभूमीत देझो काका आपल्या मोटारीतून नेतात. मी उन्हाळी स्वयंपाकघरात गेले, चार्जर लावला. लाल दिवा लागला. मी तिथं उभी राहिले, बाहेर मिर्तिल कोंबडीशी बोलत होती. पाच मिनिटांनी मी प्लग काढला. वायर नीट गुंडाळली. तक्त्यावर नोव्हेंबरपुढे खूण केली.

डिसेंबरात प्लग लावलाच नाही. खूण केली. जानेवारीत उणे बारा झालं, अंगणातला नळ फुटला. तेव्हाही नाही. खूण केली.

रोज सकाळी मी सासूबाईंच्या पलंगापाशी गुडघे टेकायचे. त्यांच्या उरलेल्या पायाला डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा चढवायचा असतो, नाहीतर पाय सुजतो. तो मोजा त्यांना स्वतःला चढवता येत नाही. टाचेपासून गुडघ्यापर्यंत इंच इंच वर ओढावा लागतो. त्यांचा पलंग खिडकीपाशी आहे. त्या खिडकीतून अंगण दिसतं आणि समोर उन्हाळी स्वयंपाकघराची काच.

"रेका, मोपेडचं झालं का गं या महिन्याचं?"

"झालं, आई."

"बरं." त्या खिडकीबाहेर बघायच्या. "सुरकुती राहिलीय बघ घोट्यावर."

मी सुरकुती सरळ करायचे.

आमच्यात म्हण आहे, शान्दोर, योजेफ आणि बेनेदेक पोत्यातून ऊब आणतात. मार्चमधले तीन सण, पाठोपाठ. यंदा पोतं रिकामंच होतं, वारा अजून बोचत होता, पण योजेफच्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतला स्कार्फ बांधला आणि मोपेडवर बसल्या. चावी फिरवली. दिवे लागले. फाटकाबाहेर शंभरेक पावलं गेल्या आणि गाडी गपकन थांबली. आम्ही दोघी आणि शेजारची बाई, तिघींनी ढकलत आत आणली.

देझो काका आले. ते सासऱ्यांबरोबर ट्रॅक्टर दुरुस्तीला होते, आता गल्लीभरच्या मोपेड बघतात. त्यांनी खुर्ची उचलली, खालच्या दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावला.

"उभ्या उभ्या बारा दाखवते. आता वहिनी, मूठ पिळ." सासूबाईंनी मूठ पिळली. "बघ, सात. सहा. ही दारुड्यासारखी आहे. बसला तर मास्तर, उठला तर आडवा." ते माझ्याकडे वळले. "हिवाळ्यात चार्ज केली होतीस ना, बाळ?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. काकांनी एकेका खुणेवरून बोट फिरवलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

"मग हिनं असं मरायला नको होतं."

"मीच कधी प्लग काढला असेन," सासूबाई म्हणाल्या. "इस्त्री लावायला."

सासूबाईंनी हिवाळाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. घराच्या पायऱ्यांवर बर्फ असतो.  काकांनी मीटर पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका एकच बॅटरी घेऊन आले. दुकानात तेवढीच होती, दुसरी यायला ईस्टर उजाडणार होता. "थांबूया," ते म्हणाले. "जोडी जोडीनंच बदलायची असते. तरण्या घोड्याशेजारी म्हातारा जुंपला, तर म्हातारा पळत नाही, तरणा मरतो."

"तीन आठवडे?" सासूबाई म्हणाल्या. "परवा गायन आहे. तू मला कडेवर नेणारेस का?"

"नेलं असतं, वहिनी. पण बालिंत वरून बघतोय."

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तू सांग, रेका. तू शिकलेली. एक नवी, एक जुनी. पुरेल का?"

त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. असं त्या सहसा बघत नाहीत. मला तेव्हा वाटलं, चष्मा नसल्यामुळे.

मी मनात हिशोब केला होता. एका चांगल्या बॅटरीवर गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, चर्चपर्यंत जाईल. बालवाडीपर्यंत जायचं त्यांच्या मनात येण्याआधीच दम टाकेल. ईस्टरपर्यंत जुनी नवीलाही ओढून खाली नेईल. मग त्या कंटाळून म्हणतील, पुरे झालं. त्यात कुणाला काही इजा नव्हती.

"पुरेल, आई," मी म्हटलं.

काकांनी पाना उचलला. "शिकलेल्या माणसापुढे मी काय बोलू?" मग त्यांनी आधी काळी वायर सोडली, मग लाल. टोकं तारेच्या ब्रशनं घासली, व्हॅसलीन लावलं आणि नवी बॅटरी बसवली. मी टॉर्च धरला होता. हात स्थिर होता.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी माझी सोल्नोकला मुलाखत होती, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत. फोन बंद करून पर्समध्ये ठेवायला सांगितलं. मुलाखत चांगली झाली. त्यांनी मला शिशावरच प्रश्न विचारला, जुन्या नळांतल्या. अडीचच्या बसनं मी घरी आले. मिर्तिलला साडेतीनला आणायचं होतं.

घरात कुणी नव्हतं. टेबलावर अर्धे सोललेले बटाटे आणि त्यांच्याशेजारी सासूबाईंचा फोन. उन्हाळी स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. मी माझा फोन सुरू केला. बालवाडीचे पाच फोन होते.

"मिर्तिलला ताप भरला, दोनदा उलटी झाली," बाई म्हणाली. "तुम्ही उचलत नव्हता, म्हणून घरी केला. आजी बाराला येऊन घेऊन गेल्या. पोचल्या नाहीत?"

तीन वाजले होते.

मी मोठ्या रस्त्यावर धावले. बारीक पाऊस पडत होता, वाऱ्यानं आडवा झालेला. मी रस्त्याच्या कडेनं धावत होते आणि प्रत्येक ट्रकच्या चाकांकडे बघत होते. पुलाखाली उतरले, गटारात बघितलं. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून शिवी दिली. बालवाडीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत धावले. रस्ता नुसता रस्ता होता. त्यावर काहीही नव्हतं.

पेट्रोलपंपाशी देझो काकांची मोटार थांबली. "इथं काय शोधतेस?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी या रस्त्यानं कशाला जाईल? बस आत."

"मग कुठल्या?"

"बीटच्या शेतातल्या. मागं मला म्हणाली होती, पोरीला आणायची वेळ आलीच तर लांबून आणीन, सुनेला ट्रकची धास्ती आहे." त्यांनी गाडी वळवली. "दुप्पट अंतर आहे. आणि चढ. बांधाचा चढ."

बांधाच्या पायथ्याशी, चिखलात, मोपेड तिरकी उभी होती. दोन्ही बाजूंना नांगरलेलं शेत, एकही घर नाही, एकही झाड नाही. खुर्चीत सासूबाई ब्लाउज आणि एप्रनवर बसल्या होत्या. डोकं उघडं. त्यांचा कोट, स्कार्फ, लोकरीचं जॅकेट, मोपेडवरचं मेणकापडाचं झाकण, सगळं मांडीवरच्या एका गाठोड्याभोवती होतं. गाठोड्यातून मिर्तिलचं नाक तेवढं दिसत होतं. तिच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, मी सकाळी चढवलेला तो घट्ट मोजा होता. तो कसा काढला असेल, मला कळत नाही. सासूबाईंचा उघडा पाय निळा पडला होता.

"ताप आहे तिला," त्या म्हणाल्या. ओठ नीट हलत नव्हते. "आधी तिला घे."

मिर्तिल तीन दिवसांत बरी झाली. सासूबाईंना न्यूमोनिया झाला. पाच आठवडे हॉस्पिटलात होत्या, आणि घरी आल्या तेव्हा त्या पायाच्या टाचेवर जखम होती जी भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाही पाय कापावा लागलाच, तर गुडघ्यापर्यंत सांभाळायचा प्रयत्न करू. सासूबाईंनी लाकडी पाय कपाटात ठेवायला सांगितला. त्या रविवारी देझो काका मोटार घेऊन आले, तर म्हणाल्या, बालिंतला सांग, त्यानं आता माझी वाट बघावी.

मला नोकरी लागली होती. मी नको म्हणून कळवलं. सासूबाईंना दिवसातून चार वेळा उठवावं लागतं.

ईस्टरनंतर काकांनी दोन्ही बॅटऱ्या नव्या बसवल्या. पहिली नवी तोवर संपलीच होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी बसवल्या. मीटर लावून मला बोलावलं. "बघ. पंचवीसच्या वर. आता डोंगर चढेल." मग खुर्ची खाली करताना म्हणाले, "पण कोण चढेल?"

जूनमध्ये एका सकाळी मी टाचेवर पट्टी बांधत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"चार्जर लावल्यावर त्या काचेत लाल दिवा दिसतो," त्या म्हणाल्या. "आधीच्या हिवाळ्यांत दिसायचा. संध्याकाळी मी बघत बसायचे. एकदा हिरवा झाला की झोपायचे."

मी पट्टी धरून राहिले.

"या हिवाळ्यात नाही दिसला."

"मग बोलल्या का नाहीत?"

"बोलून काय? सकाळी मोजा कोण चढवणार होतं? सिलार्द?" त्यांनी पाय थोडा सरकवला, मला बांधता यावं म्हणून. "म्हटलं, पोरीसाठी करतेय. करू दे. मीही आईच आहे. पण देझोपुढे मी तुला विचारलं, पुरेल का. म्हटलं, तोंडावर विचारलं तर नाही म्हणेल. नाही म्हणाली असतीस तर मी तीन आठवडे बसले असते, रेका. मी काय पहिल्यांदाच बसणार होते?"

मला म्हणायचं होतं की तुम्ही फोन विसरलात, की बालवाडीनं थांबायला हवं होतं, की मला त्या रस्त्याचं ठाऊक नव्हतं. सगळं खरं होतं. मी पट्टीची गाठ मारली.

"कागद आण," त्या म्हणाल्या. "मोपेड विकून टाकू. उभी राहून पुन्हा मरेल."

मी मिर्तिलच्या चित्रांच्या वहीतला कागद आणला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. तीन चाकी इलेक्ट्रिक मोपेड विकणे आहे. एकाच बाईनं वापरलेली. टोपली आणि पावसाळी झाकणासह.

"बॅटऱ्या दोन्ही नव्या. जोडीनं बदललेल्या."

लिहिलं.

"हिवाळ्यातलं चार्जिंग वेळच्या वेळी. निगा सुनेनं राखली."

मी वर बघितलं.

"लिही की. तक्त्यावर खुणा आहेत."

"आई."

"सेगेदला शिकलेल्या सुनेनं, असं लिही. लोकांना तेवढाच विश्वास."

मी लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला, एक अक्षर नीट लागत नव्हतं ते मला गिरवायला लावलं आणि परत दिला.

दुपारी मी तो औषधांच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या फळ्यावर अशा जाहिराती लावतात. दुकानातल्या बाईनं मला ओळखलं. कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि मान हलवली.

"नशीबवान आहे इर्मा," ती म्हणाली. "आमच्या सुनेला चार्जर कुठला आणि इस्त्री कुठली तेही कळत नाही."

मी तिच्याकडे टाचणी मागितली.